पन्हळीतले छर्रे

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात शेतावरच्या मोटारीच्या खोलीची पन्हळ साफ करताना माझ्या मुलीला पाचोळ्याखाली मूठभर छर्रे सापडले. राखाडी, काहींवर पांढुरकी पूड धरलेली. ती खाली उतरली, तळहात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, हे काय आहे?"

मला बघताक्षणी कळलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, रात्री रानडुकरं हाकलायला दुनळी बंदुकीने हवेत बार काढायचे. बार झाला की सगळं चिडीचूप व्हायचं आणि थोड्या वेळाने पत्र्यावर टपटप सुरू व्हायची, गारांची सुरुवात व्हावी तशी. लहानपणी अंथरुणात पडून मी ती टपटप मोजायचो.

आमचं शेत भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. धरण १९८०च्या सुमारास भरलं आणि पाणी आमच्या बांधापर्यंत आलं. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात, अग्निपंख येतात, चिखलात चोची घालून बदकं दिवसभर काहीतरी वेचत असतात. पत्र्यावर पडायचे ते थोडेच छर्रे. बाकीचे इतक्या वर्षांत कुठे गेले असतील, हे मुलीने विचारायच्या आधी माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ती पक्षी बघते, नोंदी ठेवते. तिने जे सांगितलं ते साधं होतं. पक्ष्यांना दात नसतात. दाणा भरडायला ते बारीक खडे गिळतात आणि ते खडे पेषणीत, म्हणजे पोटाच्या जाड स्नायूंच्या भागात, साठवतात. चिखलातला शिशाचा छर्रा त्यांना खडाच वाटतो. मग पेषणी तो दिवसरात्र घासते, शिसं रक्तात उतरतं, पक्षी पंख पाडून बसतो, खाणं सोडतो. बदक मरायला मोजके छर्रे पुरतात, कधी एकच. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत, डेन्मार्कने १९९६ मध्ये ते सगळीकडेच बंद केले, इंग्लंडने १९९९ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत आणि काही पाणथळ जागी बंद केले आणि युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत ते चालत नाहीत. आपल्याकडे शिकारच १९७२च्या कायद्याने बंद झाली, त्यामुळे हा विषय कुणी काढत नाही. पण आण्णांचे छर्रे तर पडलेच होते.

त्या वेळी आण्णांना जाऊन काही महिने झाले होते. बंदूक नियमाप्रमाणे पुण्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होती आणि माझा वारसाचा अर्ज चालू होता. भावाबहिणींची ना-हरकत, पोलिसांची चौकशी, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, हे सगळं यथावकाश झालं. परवाना हातात आला तेव्हा मी ठरवलं होतं की शेतावर आता शिशाचा एकही बार निघणार नाही.

"मग बंदूक हवीच कशाला?" हे मुलीने विचारलं, बायकोनेही विचारलं. डुकरांना आम्ही आता फटाकेच लावतो, बांधाला तार ओढली आहे, आणि बंदूक हा शेवटचा उपाय आहे. पण वस्तीवर घर एकटं आहे. अशा घरात बंदूक ठेवायची तर ती हाताला सवयीची हवी, वर्षातून वीस-पंचवीस बार तरी काढलेले हवेत. कोऱ्या, नुसत्या आवाजाच्या काडतुसांची चौकशी केली, ती मिळाली नाहीत. आणि खरं सांगायचं तर ती बंदूक आण्णांची आहे. ती कपाटात गंजू द्यायला माझं मन तयार नव्हतं. म्हणून स्टीलच्या छर्र्यांच्या मागे लागलो.

मी आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये काढलं, त्यातली बरीच वर्षं तपासणी विभागात. माप घेतल्याशिवाय कुठल्याही भागावर सही करायची नाही, हे अंगात भिनलेलं. तरीही पहिली चूक मी मापातच केली.

विक्रेत्याकडे स्टीलची काडतुसं नव्हती. आपल्याकडे दुकानात सहज मिळतात ती शिशाचीच. त्यांनी आयात करणाऱ्याकडे चौकशी टाकली आणि नमुना म्हणून दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी आलेलं खोकं मला दाखवलं. खोक्यावर १२/७० छापलेलं, म्हणजे बारा बोअर, ७० मिलिमीटर. मला ठाऊक होतं की जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, बहुधा अडीच इंची, काडतुसांच्या भाषेत ६५ मिलिमीटरची असते. मी खिशातला व्हर्नियर काढला आणि काडतुसाला लावला. ५८ भरलं. "बसतंय की, वर सात मिलिमीटर शिल्लक राहतात," मी म्हणालो.

दुकानाच्या मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करणारे चाचा बसतात. सत्तरी ओलांडलेली, चाळीसेक वर्षं याच कामात. त्यांनी माझं बोलणं ऐकलं, काही न बोलता खालच्या डब्यातून त्याच जातीचं एक उडवलेलं रिकामं टरफल काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "आता लावा."

७० मिलिमीटर.

काडतुसाचं तोंड घड्या घालून मिटलेलं असतं. बार झाला की घड्या उलगडतात आणि तोंड पुढे येतं. खोक्यावरचं माप असतं ते या उलगडलेल्या टरफलाचं. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात जातं, बंदूक नेहमीसारखी बंद होते, कुठे अडत नाही, आणि धोका तिथेच आहे. बार होताना उलगडणारं तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट आवळली जाते आणि मागे दाब वाढतो. हाताला, डोळ्याला, कानाला काहीही वेगळं जाणवत नाही. ज्याच्या घरात आजोबा-वडिलांची दुनळी आहे त्याने इतकं एक तरी मनात पक्कं करावं. काडतूस बसलं याचा अर्थ ते चालतं असा नाही.

त्या खोक्यावर आणखी एक आकडा होता, छर्र्याचा व्यास ३.५ मिलिमीटर. स्टीलच्या काडतुसांचे दोन वर्ग असतात. साध्या वर्गात बारा बोअरला छर्रा ३.२५ मिलिमीटरपर्यंतच असतो, वेग आणि दाबही बेताचा, नेहमीच्या नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूच्या चाचणीत उतरलेल्या बंदुकीला झेपेल असा. दुसरा जोरकस वर्ग. त्यासाठी बंदूक जास्त दाबाला तपासलेली लागते आणि नळीवर लिलीच्या फुलाचा ठसा लागतो. आण्णांच्या बंदुकीवर तो असायचं कारणच नव्हतं. आणि छर्र्यांचा नंबर बघून काही ठरवू नका, मिलिमीटर बघा. इंग्लंडचा ४ नंबर ३.१ मिलिमीटरचा, अमेरिकेचा ४ नंबर ३.३ चा. एक चालतो, दुसरा हद्दीबाहेर.

चाचांनी ते खोकं बाजूला सारलं. म्हणाले, "साहेब, काडतूस नंतर बघू. आधी तुमची बंदूक काय म्हणते ते ऐकू."

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही ती ऐकली. दुकानातली एवढी शांत दुपार मी पहिल्यांदाच बघितली. चाचांनी पुढचं लाकूड उतरवलं, नळ्या वेगळ्या केल्या, खालच्या आकड्यात बोट अडकवून त्या लोंबत्या धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारली. देवळातल्या छोट्या घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला. "पट्टी शाबूत आहे," ते म्हणाले. दोन नळ्यांमधली पट्टी डाकाने जोडलेली असते. डाक कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो. जुन्या बंदुकीत स्टीलचा ताण पहिला तोंडाजवळच्या डाकावर येऊ शकतो, म्हणून ही टिचकी.

मग खुणा. नळ्या उलट्या करून चाचांनी चिंधीने तेल पुसलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. चेंबरच्या खालच्या सपाट जागेवर मुकुट आणि त्याखाली NP ही अक्षरं होती, बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचा नायट्रो ठसा. त्या जागी मुकुट आणि BP एवढंच असतं तर बंदूक काळ्या दारूपुरती तपासलेली ठरली असती आणि चौकशी तिथेच संपली असती. शेजारी २½" होतं, १⅛ औंस होतं, चौकटीत १२ आणि C होतं. चेंबरची लांबी ठशात आली ती १९२५ नंतर आणि ही जुनी पद्धत १९५४ पर्यंत चालली, म्हणजे बंदूक त्या मधल्या काळातली. १⅛ औंस म्हणजे ३२ ग्रॅम, छर्र्यांचं वजन त्याच्यावर जाता कामा नये. पोलाद एकसंध होतं. काही जुन्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, वळवून घडवलेल्या असतात, त्यांच्यावर पाण्याच्या लहरीसारखी नक्षी दिसते. दिसायला फार देखण्या, पण त्यांच्यात स्टील घालायचं नाही. चाचांनी खात्रीसाठी पुढच्या लाकडाखालचा भाग पण भिंगातून पाहिला.

ते ठसे बघताना माझा गळा दाटून आला. आण्णांनी ही बंदूक आयुष्यभर वापरली, दर दिवाळीला पुसली, निवडणूक आली की चौकीत जमा केली आणि परत आणली. पण या खुणा वाचायच्या असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते बाजारात मिळेल ते काडतूस घालत आले. काही झालं नाही, हे आमचं नशीब.

चाचांनी नळ्या खिडकीकडे धरल्या. खिडकीच्या चौकटीची सावली नळीच्या आतल्या चकचकीत पृष्ठावर सरळ रेघेसारखी पडते. नळी हळूहळू फिरवत गेलं की ती रेघ सरकत जाते आणि जिथे पोचा असेल तिथे थरथरल्यासारखी वाकते. आमच्याकडे यासाठी लाखांची यंत्रं होती. इथे एक खिडकी आणि एक डोळा. उजव्या नळीत अर्ध्याच्या थोडं पुढे रेघ वाकली. मी दोनदा पाहिलं तेव्हा मला दिसली. बाहेरून बोट फिरवल्यावर नखाला जेमतेम लागेल एवढा पोचा. शिसं मऊ असतं, ते अशा जागी दबून पुढे जातं. स्टील दबत नाही, ते नळीलाच दाबतं. तो पोचा काढल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं. चाचांनी नळीत बसणारी फुगवायची दांडी घालून तो दोन दिवसांत उठवला आणि खिडकीशी रेघ सरळ आली तेव्हाच मला बोलावलं.

त्यानंतरचं काम माझं. बोअर गेज मी दुकानात घेऊन गेलो, बंदूक कुठेही हलवली नाही. नळीच्या आतला व्यास १८.५८ मिलिमीटर. ठशातल्या १२ चा अर्थ १८.५२ पासून पुढे. तो १८.८० ला पोचला असता तर नळी झिजून मूळ चाचणीच्या बाहेर गेली असं धरलं असतं. सर्वांत पातळ भिंत डाव्या नळीत तोंडापासून सुमारे नऊ इंचांवर, ०.६८ मिलिमीटर. जाणकार अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नये म्हणतात, तेव्हा हेही ठीक.

शेवटी तोंडं, म्हणजे चोक. उजव्या नळीचं तोंड १८.३२. आतल्या व्यासापेक्षा ०.२६ ने कमी, म्हणजे पाव चोक. डाव्या नळीचं तोंड १७.५५. एक मिलिमीटरहून जास्त आवळलेलं, फुल चोक. मी आकडा परत घेतला, गेज शून्य करून तिसऱ्यांदा घेतला.

स्टीलला हाफ चोक, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर आवळ, ही वरची हद्द मानतात आणि जुन्या बंदुकीत त्याच्याही आत राहावं. शिशाचे छर्रे आवळलेल्या तोंडातून जाताना एकमेकांवर दबून वाट काढतात. स्टीलचे छर्रे दबत नाहीत, सगळे मिळून तोंड बाहेर ढकलतात आणि चोकच्या मागे नळीला अंगठीसारखा फुगवटा येतो. एका बारात येईलच असं नाही, वीस बारांनी येईल. आणि आला की आला.

मी चाचांना विचारलं, डावं तोंड रीम करून उघडता येईल का? काम माझ्या ओळखीचं होतं, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा प्रश्न. त्यांनी नळी हातात घेतली, तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "येईल. पण ही नळी ज्याने बनवली त्याने ती अशी बनवली. पातळ नळीतलं पोलाद काढलेलं परत घालता येत नाही. तुमची उजवी नळी चालते ना? डावी सोडा." मला ते पटलं. नोकरीत आम्ही उलट शिकलो होतो, बसत नसेल तर घास. पण हा भाग दुसरा बनवता येणार नव्हता.

योग्य काडतुसं यायला सात महिने लागले. खोक्यावर ६५ मिलिमीटर चेंबरसाठी असं स्पष्ट छापलेलं, साधा वर्ग, २४ ग्रॅम, छर्रा २.८ मिलिमीटर. खरेदीची नोंद परवान्यावर झाली. चाचांनी एक काडतूस माझ्यासमोर कापून दाखवलं. आत प्लास्टिकची जाड पेली, तिच्यात छर्रे. ही पेली स्टीलला लागतेच, कारण छर्रा नळीला थेट घासला तर चरे पाडतो. जुन्या पुठ्ठ्याच्या किंवा नमद्याच्या वॅडवर, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधल्या चकतीवर, स्टीलचे छर्रे भरण्याचा प्रयोग कुणी घरी करू नये. छर्रे चाचांनी माझ्या हातावर ओतले. शिशापेक्षा हलके, कडक, टेबलावर टाकले तर टणटण उड्या मारणारे. आण्णांचे छर्रे पडायचे तिथेच बसायचे.

या उड्या मारण्याचा मला सगळ्यांत जास्त विचार करावा लागला. खडक, पत्रा, विहिरीचा कठडा, कशावरही आपटून स्टील परत येऊ शकतं. म्हणून पहिले बार शेतावर नाहीत, रेंजवर, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि कानांवर मफ घालून. मुलगी सोबत होती, तिलाही चष्मा. डाव्या चेंबरमध्ये पितळी डमी काडतूस बसवलं, चुकूनही त्यात खरं जाऊ नये म्हणून.

पहिल्या बाराला माझे हात थरथरले. आवाज मला वाटलं होतं तेवढाच, धक्का उलट कमी. मी बंदूक उघडली, टरफल काढलं, नळीतून आरपार आभाळ बघितलं, आणि मग श्वास सोडला. दर बारानंतर नळी बघायची, पेली अडकली नाही ना याची खात्री करायची, हे मी पंचवीसही वेळा केलं. कागदावर पस्तीस पावलांवरून बार मारला तेव्हा छर्रे शिशाच्या मानाने दाट पडले. पाव चोकमधून स्टील साधारण हाफ चोकसारखं पडतं हे ऐकलं होतं, ते दिसलं. पण लांबचा पल्ला विसरायचा. स्टीलची घनता ७.८, शिशाची ११.३. हलका छर्रा वेग लवकर हरवतो.

दहा बारांनी तोंड मोजलं, १८.३२. पंचवीस बारांनी मोजलं, १८.३२. चोकच्या मागे बोटाने चाचपलं, खिडकीची रेघ पाहिली, टिचकी मारली. नाद तोच.

उरलेली काडतुसं मी शेतावर ठेवत नाही. तिथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, ओल आत शिरली तर स्टीलचे छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात आणि मग ते छर्रे राहत नाहीत, गोळी होते. ती पुण्यातल्या घरी, कोरड्या डब्यात, कुलपात असतात.

आण्णांची शिशाची उरलेली काडतुसं आम्ही विक्रेत्यामार्फत रीतसर जमा केली. पन्हळीतले छर्रे मुलीने काचेच्या बाटलीत भरून ठेवले आहेत. तिने ते मोजले, २११. बंदुकीच्या पेटीच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर दोन्ही नळ्यांची मापं, मापं घेतल्याची तारीख, आणि खाली जाड अक्षरांत: चेंबर ६५. उजवी नळी, साधं स्टील, २४ ग्रॅम, छर्रा ३.२५ च्या आत. डावी नळी, स्टील नाही. पुढचं माप आणखी पंचवीस बारांनी. त्याखाली मुलीने तिच्या अक्षरात भर घातली आहे: पाण्याच्या दिशेने शिसं नाही.